पोतनीसकाकांच्या गाडीतला फॉल्ट

पोतनीसकाकांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नवऱ्याची बँकेने उज्जैनला बदली केली, आम्ही नागपूरहून आलो, नानाखेड्याच्या एका कॉलनीत घर घेतलं आणि सामानाचा ट्रक नेमका समोरच्या घराच्या फाटकापाशी उभा केला. हमाल कपाट उतरवत होते. तेवढ्यात खाकी हाफपँट आणि बनियन घातलेले एक काटकुळे गृहस्थ हातात पाना घेऊन आले आणि म्हणाले, "ट्रक हटवा. फौरन." ओळख नाही, पाळख नाही, एकदम हुकूम. मीही काही कमी नाही. म्हटलं, "कपाट अर्धं बाहेर लटकलंय, दिसतंय ना? जरा दम धरा." "दम धरायला टाइम नाही माझ्याजवळ," असं म्हणून त्यांनी पाना खिशात खुपसला आणि स्वतःच कपाटाला खांदा लावला. कपाट उतरलं, त्याचा आरसा फुटला, ट्रक हलला. आरशाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

फाटकातून गाडी बाहेर आली. मूळची पांढरी, पण पांढरेपण केव्हाच साईच्या रंगावर गेलेलं. ते मॉडेल बनवणं कंपनीने बंद केल्यालाही जमाना झाला होता. काका चालवत होते. त्यांच्या शेजारी तिशी ओलांडलेला एक धिप्पाड तरुण दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता. मागच्या सीटवर एक बाई. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माझा आरसा फोडून हे त्रिकूट एवढ्या घाईने कुठे चाललंय, म्हणून मी धुमसत फाटकाशी उभी राहिले. तासाभराने ती मंडळी तशीच परत आली. हातात भाजीची पिशवीसुद्धा नव्हती.

खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. ती मागच्या सीटवरची बाई, म्हणजे सुधाकाकू, पोह्यांची बशी घेऊन आल्या. "काल हे तुम्हाला तोडून बोलले, मनावर नका घेऊ हं. श्रीरंगचा टाइम झाला होता," त्या म्हणाल्या. श्रीरंग हा त्यांचा एकुलता एक मुलगा. जन्मापासून स्वमग्न. बोलायला त्याच्याकडे मोजकेच शब्द होते आणि सहन न होणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ. कुकरची शिट्टी, फुगा, मिक्सर, लाल रंगाचा दिवा, अंगावर कुणाचा अचानक पडलेला हात. ह्यातलं काही झालं की तो कपाळ भिंतीवर आपटायचा. आणि मानवणारी गोष्ट एकच होती. संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, ह्या गाडीतून इंदूर रोडवर एक फेरी. बाबा स्टिअरिंगवर, तो शेजारी, आई मागे. एका ढाब्यापर्यंत जायचं, तिथून वळायचं, घरी यायचं. ती फेरी झाली की जेवायचा, झोपायचा. नाही झाली की घरात कुणी झोपायचं नाही.

"मग नवीन गाडी का नाही घेत?" मी अगदी शहाण्यासारखं विचारलं. काकू हसल्या. काकांच्या बहिणीने इंदूरहून नवी कोरी गाडी आणून पाहिली होती. श्रीरंगने तिच्या दाराचं हँडल उपटलं आणि स्वतःच्या मनगटाला चावा घेऊन रक्त काढलं. मग काकांनी हेच मॉडेल, हाच रंग, अशी दुसरी गाडी देवासहून मागवली. तिच्यात तो बसला, इंजिनाचा आवाज ऐकला, आणि उतरून घरात निघून गेला. म्हणजे जगात चालण्यासारखी गाडी ही एकच, आणि ती रोज म्हातारी होत होती.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. पोतनीसांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी खजिन्यावर होते म्हणे. खजिन्यातलं काही उरलेलं दिसत नव्हतं, पण दरबारी आवाज उरला होता. उभी नोकरी जमिनीखालच्या केबलमधले बिघाड शोधण्यात गेलेली, त्यामुळे माणसांकडेही ते तसेच बघायचे. आमचा फ्रिज बंद पडला तेव्हा मी म्हटलं, "काका, जरा बघता का काय बिघडलंय?" तर म्हणाले, "असं नाही विचारायचं, मेधा. काय नाही बिघडलं ते आधी विचारायचं. प्लग बराबर आहे? सोडा. वायर बराबर आहे? सोडा. सोडता सोडता जो बचेल तो फॉल्ट." फ्रिजचा बचला तो मोटरचा. ते सांगून ते निघून गेले. दुरुस्त वगैरे काही केला नाही. त्यांचा जीव फक्त शोधण्यात होता.

बोलणं असं तुटक. चहा बशीत ओतून उभ्यानेच प्यायचे. कॉलनीच्या अध्यक्षांशी त्यांचं वर्षानुवर्षं हाडवैर, कारण गाडी रोज त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली पाहिजे आणि अध्यक्षांना तिथे मंडप घालायचा असायचा. गाडीच्या बॉनेटला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. आमच्या गल्लीत ते कुणाला इंजिन रेस करू द्यायचे नाहीत. मोटरसायकलवाली पोरं दिसली की ते फाटकात उभे राहायचे, हाताने शांत शांत अशी खूण करत. स्वतःची गाडीही ते सुरू करून अशी हळूच काढायचे, जणू आत कुणी झोपलंय. श्रीरंगला रेसचा आवाज सहन व्हायचा नाही.

हे सगळं चाललं होतं तसं चाललं असतं. पण सिंहस्थाची तयारी सुरू झाली आणि उज्जैनचे रस्ते खोदायला घेतले. इंदूर रोडवर एका बाजूला खड्डे, दुसऱ्या बाजूला दोन्हीकडची वाहनं. पूर्वी काकांची गाडी बसस्टँड ओलांडलं की सुसाट जायची, आता ढाब्यापर्यंत मुंगीच्या पावलाने. त्याच सुमारास एका संध्याकाळी काकांनी किल्ली फिरवली आणि गाडीने नुसतं कट् केलं. सेल्फ लागलाच नाही. बॅटरी पार उतरलेली.

त्या संध्याकाळी आमच्या घरात मी भाजी चिरत होते. आधी वाटलं कुठेतरी कुणी खिळा ठोकतंय. मग कळलं. धावत गेले तर श्रीरंग दिवाणखान्याच्या भिंतीशी उभा होता आणि कपाळ आपटत होता. सुधाकाकूंनी त्याचं कपाळ आणि भिंत ह्यांच्या मध्ये स्वतःचा तळहात धरला होता. प्रत्येक आपटण्याला त्यांचा हात भिंतीवर चेचला जात होता आणि त्या तोंडातून हूं की चूं काढत नव्हत्या, कारण ओरडल्यावर तो अजून बिथरायचा. चष्मा खाली फुटून पडला होता. मी मध्ये पडायला गेले तर मानेने नको म्हणाल्या. बाहेर काका बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते आणि त्यांच्या तोंडून सारखं एकच येत होतं, "बस, होऊन राहिलं बेटा, होऊन राहिलं." काही होत नव्हतं. मी घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडले.

पहिल्यांदा बॅटरी नवी आणली. ती थोडे दिवस चालली आणि बसली. मग पट्टा बदलला. मग काका गाडी देवास गेटला मांगीलालकडे घेऊन गेले. मांगीलालचं दुकान म्हणजे टपरीच, पण उज्जैनभरच्या गाड्यांची वायरिंग त्याच्या हाताखालून गेलेली आणि त्याचा त्याला भारी तोरा. मीही त्या बाजूला कापड घ्यायला निघाले होते, म्हणून गाडीत बसले होते. मांगीलालने मीटरच्या दोन पिना बॅटरीला लावल्या, अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन असं काही गरजवलं की शेजारचा पानवाला वाकून बघायला लागला. मीटरवर चौदा. "देख लो काकासाब, चौदह वोल्ट! अल्टरनेटर टनाटन है. गाड़ी में कुछ नहीं, आपको वहम है."

"घर पे बारह भी नहीं आता, भिया," काका म्हणाले.

"तो घर बदल लो," मांगीलाल म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. काका हसले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि स्वतःचा मीटर लावला. बारा, आणि तोही खाली खाली जाणारा. मला म्हणाले, "घरी आजारी आणि डॉक्टरसामने ठणठणीत. असल्या फॉल्टने माणूस पागल होतो." मग त्यांनी अल्टरनेटर खोलला, म्हणजे इंजिन चालू असताना वीज करून बॅटरी भरणारं जे यंत्र असतं ते. आतले कार्बन बदलले, डायोड बदलले. वायरी इंच इंच तपासल्या. सोडता सोडता सगळं सोडून झालं आणि मागे काहीच बचेना.

तोपर्यंत जगायचं कसं? श्रीरंग झोपला की ते बॅटरी काढून घरात न्यायचे आणि चार्जरवर लावायचे. पण रोज तळ गाठणारी बॅटरी लवकर मरते. एखाद्या संध्याकाळी गाडी घराबाहेर पडायची आणि बसस्टँडच्या गर्दीत बंद पडायची, ते अजून वाईट. कॉलनीतले लोक धक्का मारायला यायचे, तर एवढे हात गाडीला लागलेले बघून श्रीरंग आतून काचांवर बुक्क्या मारायचा. काका करंट वाचवायला लागले. हॉर्न वाजवायचा नाही. पंखा लावायचा नाही. हेडलाइट लावायचे नाहीत. एके दिवशी गर्दीत उशीर झाला, परत येताना अंधारून आलं, तरी ह्यांनी दिवे लावले नाहीत. समोर लसणाच्या पोत्यांची ट्रॉली उभी होती. काकू मागून किंचाळल्या म्हणून ब्रेक लागला. ट्रॉलीचं फळकूट काचेपासून वीतभर राहिलं होतं.

हे मला काकूंनी सांगितलं. मी तरातरा समोर गेले आणि काकांना म्हटलं, "मारायचंय का तिघांना?" ते जिन्याच्या पायरीवर बसले होते, हात मांड्यांखाली दाबून. म्हणाले, "तिघं एकदम गेलो तर काही दिक्कत नाही, मेधा. दिक्कत तो एकटा बचला तर आहे." मला त्यांचा रागच आला. काकू आतून ऐकत होत्या. त्यांना ह्यात नवीन काही वाटलेलं दिसलं नाही.

त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं की ते हात मांड्यांखाली का दाबतात. हात थरथरत होते.

फॉल्ट सापडला तो एका रविवारी सकाळी, आमच्या व्हरांड्यात. श्रीरंग झोपला होता. काका बशीतला चहा पिता पिता थांबले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "मांगीलाल रेस करतो. मी करत नाही. त्याच्याकडे चार्ज होते, माझ्याकडे होत नाही. रस्ता खोदण्याच्या आधी मी पण इंदूर रोडवर दाबून चालवत होतो. तेव्हा होत होती." मग म्हणाले, "म्हणजे अल्टरनेटर झोपलेला राहतो. जोरात फिरवला तरच जागा होतो."

"मग त्याला हळू आवाजात कोण उठवतं?" मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"बॅटरी," ते म्हणाले. "हातपंपात आधी तांब्याभर पाणी ओततो ना आपण, मग तो स्वतःचं पाणी काढतो, तसं. बॅटरी त्याला आधी थोडासा करंट पाजते. आणि तो करंट जातो..." इथे ते थांबले. बशी हातातच राहिली. "तो करंट त्या लाल दिव्यातून जातो. किल्ली फिरवली की सामने बॅटरीचा छोटा लाल दिवा लागतो ना, त्याच्यातून."

"मग?"

"तो दिवा ह्या गाडीत नाही. मी काढून टाकला."

कधीतरी, खूप वर्षांपूर्वी, श्रीरंग त्या दिव्याला घाबरायला लागला होता. किल्ली फिरली, लाल ठिपका पेटला की तो डॅशबोर्डवर मुठी मारायचा. काकांनी डॅशबोर्डवरच्या मीटरची काच काढून तेवढा बल्ब बाहेर घेतला, काच बसवली, आणि पोरगा शांत झाला. दिवा म्हणजे नुसती सूचना, ती नसली तर काय बिघडतं, असं त्यांनी धरलं. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळत होती तोवर खरंच काही बिघडलं नाही. "टेलिफोनवाला असून," ते म्हणाले, आणि कपाळावर हात मारला. "सगळ्या वायरी तपासल्या, तो तपासला नाही. तो तर श्रीरंगसाठी केला होता ना. त्याच्यात फॉल्ट असेल हे ध्यानातच नाही आलं."

ते तडक घरी गेले. मी मागोमाग. त्यांनी तो बल्ब नव्या वायरीच्या टोकाला लावून डॅशबोर्डच्या पार आत, औषधाच्या एका रिकाम्या डबीत घालून ठेवला, कुणाच्या नजरेला पडणार नाही असा. मग बॅटरीला मीटर लावून किल्ली फिरवली. इंजिन शांतपणे सुरू झालं, रेस नाही, काही नाही, आणि मीटर चढत चढत चौदावर जाऊन थांबला. काकू फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले ते गाडीला की मीटरला की वर आभाळाला, मला कळलं नाही. काका मीटरकडे बघत रडले. संध्याकाळी फेरी झाली आणि त्या रात्री समोरचे दिवे लवकर मालवले गेले.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण गाडीचा फॉल्ट निघाला आणि काकांचा राहिला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि गाडी चालवणं बंद करा म्हणून बजावलं. ड्रायव्हर ठेवायचा प्रयत्न झाला. परका माणूस बाबांच्या जागेवर बसलेला बघून श्रीरंगने त्याचा शर्ट फाडला आणि तो भला माणूस पगार न घेता पळाला. उरल्या सुधाकाकू. साठी उलटलेल्या, आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेल्या.

रोज पहाटे कॉलनीमागच्या मैदानात त्यांची शिकवणी चालायची. काका शेजारी बसून इतके ओरडायचे की मला मध्यस्थ म्हणून मागे बसवलं होतं. "क्लच! क्लच! अगं पायाखाली आहे तो!" "तुम्ही ओरडलात की मला पायच सापडत नाही," काकू म्हणायच्या. एकदा त्यांनी गाडी सरळ एका म्हशीच्या अंगावर घातली. म्हैस हलली नाही, गाडी बंद पडली, आणि तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा काका पोट धरून हसले. काकू शिकल्या. कशा शिकल्या ते त्यांनाच माहीत, पण शिकल्या.

आणि मग खरी अडचण पुढे आली. काकू स्टिअरिंगवर बसल्या आणि काका मागे बसले, तर श्रीरंगने मागचं दार उघडलं, बाबांना कॉलरला धरून उतरवलं आणि ओढत स्टिअरिंगच्या बाजूला नेलं. त्याच्या हिशेबात बाबा असतील तर बाबाच चालवणार. म्हणजे बाबा असून चालणार नव्हतं.

हे काकांनीच ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून श्रीरंग दुपारी झोपला की ते मागच्या गल्लीतून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराने यायचे आणि खिडकीच्या पडद्याआड स्टुलावर बसायचे. पहिल्या संध्याकाळी काकू किल्ली घेऊन गाडीत बसल्या. श्रीरंग आला. बाबांच्या सीटवर आई बघून तो घरात परत गेला, बाथरूम बघितलं, गच्ची बघितली, दारांच्या मागे बघितलं, आणि मग त्याने जो हंबरडा फोडला तो मी आजही विसरलेले नाही. पडद्याआड काकांनी खिडकीचा गज धरला होता. गज त्यांच्या हाताबरोबर थरथरत होता.

"जा ना काका," मी म्हटलं. "ऐकवत नाही."

"आज गेलो तर रडलं की बाबा येतात हे त्याला मालूम होईल. मग उद्या दुप्पट रडेल."

"अहो, जल्लाद आहात का तुम्ही?"

"मेल्यावर हेच होणार आहे," ते म्हणाले. "तेव्हा तो एकदम रडेल आणि सुधा एकटी राहील. आता थोडं थोडं रडून घेऊ दे. निदान मी बाजूला आहे."

हे किती संध्याकाळी चाललं मी मोजलं नाही. रात्री उशिरा ते घरी परतायचे, सकाळी श्रीरंगबरोबर नाश्ता करायचे आणि दुपारी पुन्हा आमच्याकडे गायब व्हायचे. इंदूरहून त्यांची बहीण येऊन त्यांना वेडा म्हणून गेली. काका वाळत चालले. मला वाटायचं ह्याने काही साधणार नाही, नुसता तिघांचा छळ आहे. मी तसं त्यांना तोंडावर म्हटलंही.

आणि एका संध्याकाळी रडणं ऐकूच आलं नाही. काकूंनी सेल्फ मारला, इंजिन लागलं, दार बंद झाल्याचा आवाज आला. काका पडद्याला डोळा लावायला धजेनात. मलाच विचारायला लागले. कुठे बसलाय? हात कुठे आहेत? गुडघ्यांवर आहेत का? मी सांगत गेले. गाडी गचका खात पुढे गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. काका स्टुलावरून उठले, दाराशी गेले आणि परत येऊन बसले.

"थोडा वेळ इथेच बसू का?" ते म्हणाले. "त्या घरात मी एकटा कधी राहिलेलो नाही. मालूम नाही काय करायचं असतं."

काका गेले ते थंडीत, एका दुपारी. जेवून पडले ते उठलेच नाहीत. श्रीरंग आतल्या खोलीत झोपलेला होता, त्याला काही कळलं नव्हतं. शेजारपाजार जमला, बहीण इंदूरहून पोचली. बाकीचे नातेवाईक सकाळपर्यंत येणार म्हणून काकांना दिवाणखान्यात ठेवलं होतं, उशाशी दिवा लावला होता. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. उन्हं कलायला लागली तशी त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि उठल्या.

"वन्सं," त्या काकांच्या बहिणीला म्हणाल्या, "ह्यांना मागच्या खोलीत घ्यायचंय. श्रीरंग उठेल आता."

"अगं, दिवा लावलाय. आता नाही हलवायचं त्याला," त्या म्हणाल्या. "आणि आज तू गाडी काढणार? आजच्या दिवशी? लोक काय म्हणतील?"

"ह्यांना बघितलं तर तो गाडीत बसणार नाही. ह्यांना उठवायला लागेल," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, पोह्यांची बशी पुढे करावी तसा. "ह्यांनीच सांगून ठेवलंय मला."

कुणी हलेना. शेवटी मी आणि माझ्या नवऱ्याने काकांना उचललं, कॉलनीचे अध्यक्ष न सांगता पायाशी आले, आणि आम्ही त्यांना मागच्या खोलीत नेलं. वजन असं नव्हतंच. दिवा वन्संनी आणला आणि त्या बाहेर जमलेल्यांना आमच्या घरात बसवायला गेल्या. काकूंनी तोंड धुतलं, केस नीट बांधले, रोजची शाल घेतली आणि खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं.

मी आत काकांच्या उशाशी बसून राहिले. श्रीरंगची पावलं दिवाणखान्यातून गेली. मधेच थांबली. मग पुढे गेली. फाटक वाजलं, गाडीचं दार लागलं, सेल्फ पहिल्याच वेळी घेतला. इंजिनाचा आवाज गल्लीतून हळूहळू लांब गेला. रडणं नाही, ओरडणं नाही. मी दिव्याची वात सारखी केली आणि त्यांच्याकडे वाकून म्हटलं, "बसला तो, काका. निघाले दोघं."